काचेचा चौथा पाय

मी एक जुनं स्टूल आहे, मित्रांनो, पण बसायचं नाही, उभं राहायचं. हसू नका. अमेरिकेतल्या मोंटानात, एका डोंगरमाथ्यावर, वणव्यावर नजर ठेवायच्या चौकीत माझं आयुष्य गेलं आहे. तिथं वीज कडाडली की भल्याभल्यांचं हसू पळतं.

खालच्या खोऱ्यातल्या सुताराने मला फर नावाच्या डोंगरी झाडाच्या लाकडातून घडवलं. तारेच्या खांबांवर असतात तसल्या हिरव्या काचेच्या जाड वाट्या त्याने माझ्या चारही पायांना फिरवून बसवल्या. काचेतून वीज जात नाही. वादळ डोक्यावर आलं की चूल, पलंग, सगळं लोखंड सोडून माणसाने माझ्यावर उभं राहायचं, एवढ्याचसाठी खेचराने मला वर वाहून आणलं.

तेव्हा चौकीत व्हर्ना राहायची. वय कोवळं, तोंड फटकळ. आभाळ गडगडलं की ती आधी वाकून माझे चारही पाय हाताने चाचपायची आणि मगच वर चढायची. "ये, ये, बघतेच तुला!" असं विजेलाच दटावायची. पण तिचे पाय लटलट कापायचे, ते फक्त मला ठाऊक. किती उन्हाळे मी तिला सांभाळलं! त्याचा मला गर्व आहे. का नसावा?

पुढे वणवे शोधायला विमानं आली आणि व्हर्ना खाली उतरली. बरीच वर्षं उंदरांखेरीज माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. मग चौकी डागडुजी करून हौशी पाहुण्यांना एका रात्रीपुरती मिळू लागली. कोणी माझ्यावर ओले मोजे वाळत घातले, कोणी कांदा चिरला. चालायचंच.

एके दिवशी एक गोरागोमटा, हसतमुख माणूस आला. त्याने मला उलटं केलं आणि माझी एक काच फिरवून काढली. "आईला देतो. किती खूश होईल!" असं तो स्वतःशीच म्हणाला. मी लंगडू नये म्हणून त्याने तिथे मापाचा लोखंडी बोल्टही ठोकला. माणूस वाईट नव्हता हो. पण त्या दिवसापासून मी फसवं झालेलं आहे, आणि हे सांगायला मला तोंड नाही.

गेल्या उन्हाळ्यात दारात काठी वाजली. व्हर्ना! पाठ वाकलेली, डोळे अधू. सोबत नात केरिन. दोघींचे ओठ वाटेवरची हकलबेरी नावाची रानफळं खाऊन जांभळे झाले होते.

"आजी, दमलीस ना? सांगत होते, नको येऊस."

"गप गं. तुझ्या वयाची असताना मी पाण्याचे डबे घेऊन चढायचे. ते बघ माझं स्टूल! अजून आहे बिचारं."

तिने माझ्यावर हात फिरवला. मला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

दिवस कलला आणि पश्चिमेकडून काळंकुट्ट आभाळ चालून आलं. खिडक्या थरथरल्या. हवेतल्या विजेने केरिनच्या हातावरचे केस ताठ उभे राहिले.

"चढ त्याच्यावर!" व्हर्ना ओरडली.

"आणि तू?"

"माझं झालंय जगून. चढ म्हणते ना!"

केरिन चढली. अरे देवा! चढू नकोस, पोरी, उतर, उतर! माझा जीव नुसता तळमळत होता. माझ्या एका पायात लोखंड होतं, त्याखालची फरशी दारातून आलेल्या पावसाने ओली होती, आणि ती भाबडी पोर माझ्यावर डोळे मिटून उभी होती.

तेवढ्यात व्हर्ना गुडघ्यांवर टेकली. जुनी सवय! तिची बोटं माझे पाय चाचपू लागली. काच. काच. काच. आणि मग ती थबकली.

तिने नातीला अक्षरशः ओढून खाली पाडलं आणि फरफटत खोलीच्या मधोमध नेलं. दोघी पाय जुळवून उकिडव्या बसतात तोच वीज चौकीवर कोसळली. माझ्या बोल्टाखालून ठिणगी उडाली आणि फरशीवर काळा डाग उमटला. तो अजून आहे.

दोघी वाचल्या. व्हर्नाची बोटं पुन्हा माझ्या त्या बोल्टावर गेली.

"आजी, रडतेस का? वाचलो ना आपण."

"हिरवी काच होती गं इथे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे ना, तश्शी."

"ती तर बाबांनी जुन्या बाजारातून आणलीय. तुझ्या वाढदिवसाला."

"हो. रॉयसनं, तुझ्या बापानं, मला तसंच सांगितलं होतं."

केरिनचा चेहरा पांढराफटक पडला. व्हर्ना तिच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि पुटपुटली, "रोज सकाळी पुसते मी ती."

सकाळी तिने आपला लाल रुमाल माझ्या त्या पायाला करकचून बांधला, कोणी चढू नये म्हणून. "हिवाळा सरून वाट मोकळी झाली की काच घेऊन येते," म्हणाली आणि काठी टेकत उतरली.

बर्फ पडलं, वितळलं, वाट मोकळी झाली. प्रत्येक पावलाला मी कान देऊन असतं, पण दारात काठी काही वाजत नाही. पाहुणे येतात, रुमालाकडे बघून हसतात, आणि परवा एकाने तो सोडून नाक पुसलं.

मित्रांनो, डोंगरावर या, राहा, हकलबेरी खा. पण इथलं काही उचलून नेऊ नका. आईसाठीसुद्धा नको.