चाळणीबाईंचं फाटक

"सर, मागे व्हा. पुन्हा एकदा या, सावकाश."

सर मागे झाले, पुन्हा आले, सावकाश आले. घंटेने पुन्हा बोंब ठोकली.

अणुइंधनाच्या त्या कोठारातून बाहेर पडायला एकच वाट होती आणि त्या वाटेवर हे दोन खांबांचं फाटक. आत येताना फक्त धातूची झडती. बाहेर जाताना किरणांची. अंगावर, कपड्यात, बुटाच्या तळव्यात नको ते चिमूटभर जरी असलं, तरी या खांबांनी ते ओळखायचं. आणि आज त्यांच्यामध्ये उभे होते खुद्द सुरक्षाप्रमुख. कुंपण शेत खाईल अशी शंका ज्यांच्या बाबतीत शत्रूलाही आली नसती, असा माणूस.

फाटकावरच्या पाळीप्रमुख बाईंना माघारी सगळे चाळणी म्हणत, कारण त्यांच्या हातून खडा सुटत नसे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाईंना ते नाव ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. न आवडल्याचा चेहरा मात्र त्या फार छान करीत.

या घडीला तो चेहरा त्यांना काही उपयोगाचा नव्हता. प्रमुख महिनाअखेरीला निवृत्त होत होते आणि त्यांच्या जागी कोण, हे ठरवायला समिती आज, आत्ता, मुख्य कचेरीत बसत होती. नाव प्रमुखांनी स्वतः हजर राहून मांडायचं, असा दंडक. ते मांडणार होते चाळणीबाईंचं. ते पोचले नाहीत तर मांडणार उपप्रमुख, आणि अर्थात स्वतःचंच. हे गृहस्थ वरिष्ठांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत, म्हणून त्यांना होयबा म्हणत. आयुष्यात त्यांनी एकाच गोष्टीला नाही म्हटलं होतं, ते म्हणजे बाईमाणसाचा हुकूम. बायकांनी बायकांची झडती घ्यावी, इतपत प्रगती त्यांना मान्य होती.

"बाई, गाडी उभी आहे बाहेर," प्रमुख म्हणाले. "काय ते लवकर बघ."

बाईंनी हातातलं यंत्र त्यांच्या खांद्यापासून खाली फिरवलं. छातीजवळ आकडा चढला. पडद्यावर नाव उमटलं, इस्पितळात वापरतात त्या द्रव्याचं.

"सर, दवाखान्यात गेला होतात?"

प्रमुखांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि बाही वर केली. कोपराच्या आत कापसाची चिकटपट्टी होती.

"सकाळी. हृदयाचा फोटो काढतात ना, त्याची सुई. झालं समाधान? सोड आता."

"आधी कळवायचं असतं, सर."

"कळवलं असतं तर सकाळीच घरी बसवलं असतं मला. छातीत कळ येणारा माणूस कोठारावर ठेवतात होय? मग समितीपुढे कोण गेलं असतं? तो होयबा? अगं, तुझ्याचसाठी तोंड दाबून बसलोय मी, आणि तूच मला विचारतेस!"

बाईंनी आकडा पुन्हा वाचला. त्यांचा या माणसावर पुरता विश्वास होता, अडचण तीच होती. कोठारात सुरुवातीला त्यांना चावी द्यायलाही कुणी तयार नव्हतं. तेव्हा यांनीच त्यांना पुढे केलं, परदेशी शिक्षणाला पाठवलं, बाळंतपणानंतर जागा राखून ठेवली. उपकारांची बाजू भरगच्च होती आणि परतफेडीची कोरी. शिवाय पडद्यावरचं नाव खरं होतं, चिकटपट्टी खरी होती, माणूसही खराच होता.

पण इस्पितळाचं औषध अंगात घेऊन त्याच्या किरणांआड दुसरंच काही बाहेर नेता येतं. म्हणून आधी न कळवलेला माणूस अडवायचा आणि किरणतपासनीस येऊन स्वतः तपासेपर्यंत सोडायचा नाही. नवीन भरतीला हा धडा दरवर्षी प्रमुखच शिकवत. शिकवताना म्हणत, "समजा, फाटकात मीच आहे." पोरं हसत.

"खोटी घंटा म्हणून नोंद कर," प्रमुखांनी आवाज खाली आणला. "होतात की कधीमधी. तुम्हा दोघींच्या सह्या झाल्या की संपलं."

दुसरी सही करणारी काचेपलीकडे बसली होती. नियमच तसा, इथे एकट्याच्या शब्दाला किंमत नाही. तिला लेकुरवाळी म्हणत. घरी दोन चिमुरडी होती आणि पाळ्यांच्या ओढाताणीत तिचा राजीनामा मनातल्या मनात लिहून तयार होता. या फाटकावर आलेल्या बहुतेक बायका अशाच गळाल्या होत्या. बाई प्रमुख झाल्या की पाळ्या बदलणार, पाळणाघर होणार, या एका आशेवर ही टिकून होती.

लेकुरवाळी खिडकीशी आली. "ताई, मी करते सही. मला तर घंटा नीटशी ऐकूच आली नाही."

"कान तपासून घे मग."

"थट्टा नको ना, ताई! सर काय चोर आहेत का? तुमच्या हट्टापायी आम्हा सगळ्यांचं मातेरं होईल. तो होयबा बसला खुर्चीवर की मी दुसऱ्या दिवशी घरी. तुम्हाला काय, तुमची पोरं मोठी झाली."

घाव वर्मी बसला. बाईंनी एकदा प्रमुखांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. दोघांच्याही तोंडावर एकच विनवणी होती, आणि दोघं मागत होती ते बाईंच्याच भल्याचं. वाईटासाठी कुणी गळ घातली असती तर नाही म्हणणं किती सोपं गेलं असतं!

बाईंनी फाटकावरचा फोन उचलला.

"नियंत्रण कक्ष? बाहेरचं फाटक. एक व्यक्ती अडवली आहे. किरणतपासनीस पाठवा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाईंनी डोळे मिटले. "सुरक्षाप्रमुख," त्या म्हणाल्या. "हो. बरोबर ऐकलंत."

"कृतघ्न आहेस," प्रमुख म्हणाले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"इथे बसा, सर. बूट काढा."

प्रमुख भिंतीकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बूट काढताना वाकले आणि क्षणभर छातीवर हात धरून तसेच राहिले. बाई एक पाऊल पुढे झाल्या, थांबल्या.

"पाणी देऊ?"

"फोन दे," ते मान वर करून म्हणाले. राग कुठल्या कुठे गेला होता, आवाजात घाई होती. "समितीला इथूनच सांगतो तुझं नाव, एवढ्यापुरती हजेरी माफ करतील ते. दोन वाक्यं. तपास काय करायचा तो करा मग, रात्रभर करा!"

लेकुरवाळीने खिडकीतून फोन उचलून पुढेसुद्धा केला.

दोन वाक्यं. प्रमुखपदाच्या खुर्चीची स्वप्नं बाईंनी कुणाला सांगितली नव्हती, सासूबाईंनी "कुलपं राखायची कसली गं बढती?" म्हटलं तेव्हासुद्धा नाही.

"अडवलेल्या माणसाला फोन देता येत नाही, सर."

त्यांनी लेकुरवाळीच्या हातातून फोन घेतला आणि जागेवर ठेवला. प्रमुख त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू खुर्चीत मागे टेकले, आणि त्यांनी दुसरा बूटही काढला.

तपासनीस आला. बूट, कपडे, खिसे, नखं, सगळं पाहिलं. दवाखान्यात फोन झाला. माणूस निर्दोष निघाला, तसा तो निघणारच होता. पण आजार उघड झाला, लपवल्याचंही उघड झालं, आणि प्रमुखांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून तपासनिसाच्या हाती दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. होयबा मुख्य कचेरीतून बोलत होते, आवाजात साखर पेरून. "साहेबांचं कळलं, फार वाईट वाटलं. इथे घाईघाईत मलाच प्रभारी केलंय हो. तुमच्या दक्षतेचं समितीने तोंड भरून कौतुक केलं. तुमचं नाव पुढच्या खेपेला नक्की बघू."

"आभारी आहे," बाई म्हणाल्या.

लेकुरवाळीने बाईंकडे पाहिलं. चेहऱ्यावरून तिला कळलं, आणि ती पाठ फिरवून यंत्रांचे पडदे पुसायला लागली, पुसलेलेच पुन्हा पुसत राहिली.

ओळखपत्र नसलेल्या माणसाने आवारात एकटं चालायचं नाही. शेवटच्या दरवाज्यापर्यंत सोबत द्यायची. बाईंनी टोपी घातली.

"चला, सर."

ऊन कलतीला लागलं होतं. दोन्हीकडे तारेचं कुंपण, मधून सिमेंटची लांब वाट. प्रमुख सवयीने रेंगाळले, बाईंना बरोबरीने येऊ द्यायला. आजवर या वाटेवर ती दोघं शेजारी शेजारी चालली होती, पाळ्यांवरून भांडत, कुणाच्या तरी नकला करत.

"तुम्ही पुढे, सर," बाई म्हणाल्या. "मी मागून येते."

प्रमुखांनी मान हलवली. ते पुढे झाले आणि चालताना दोन्ही हात त्यांनी आपणहून खिशातून बाहेर काढले, अंगापासून जरा दूर धरले, मागून येणाऱ्याला दोन्ही तळवे स्वच्छ दिसतील असे.