बोटीतल्या संडासाची नळी

घरात उठसूट दात काढणारी माणसं पुष्कळ होती, पण दात काढून पोट भरणारी एकटी सूनच. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालणाऱ्या बाईला कसली आलीय किळस, असा तिच्या नवऱ्याचा युक्तिवाद होता आणि तो त्याने लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत मांडून ठेवला होता. तेव्हापासून बोटीतला संडास तुंबला की पाना तिच्या हातात यायचा आणि नवरा धक्क्यावर, जिथून वारा येतो त्या बाजूला, रुमाल घेऊन उभा राहायचा.

बोट सासऱ्यांची. शिडाची, दहा पावलांत संपणारी. सासरे शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, जहाजावर एक दिवस नोकरी केलेली नाही, पण धक्क्यावर सगळे त्यांना कप्तान म्हणायचे आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. आज दुपारी चार वाजता बोट बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

विकायचं कप्तानांनीच ठरवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी त्यांना बोटीवर चक्कर आली, पडून गुडघा फुटला, आणि त्यानंतर ते बोटीकडे फिरकलेच नाहीत. आज गुडघा, उद्या ऊन, परवा चष्मा. शेवटी म्हणाले, "झालं माझं. विकून टाका." मुलगा लगेच हो म्हणाला, कारण तो घाबरला होता. सुनेला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. या माणसाने तिला शीड सांभाळायला शिकवलं होतं, गालावर वारा ओळखायला शिकवलं होतं, आणि स्वतःच्या मुलाला जे जन्मात जमलं नाही ते सुनेला जमतं म्हणून सगळ्या धक्क्यावर मिरवलं होतं. बोट गेली की हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार आणि बसल्या बसल्या म्हातारा होणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण बोट त्यांची आणि शब्दही त्यांचा. ती कोण सांगणार?

तर गिऱ्हाइकाला तुंबलेला संडास दाखवायचा नाही म्हणून सकाळी आठ वाजल्यापासून ती कपाटाएवढ्या जागेत अंगाची घडी करून बसली होती. आधी समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा कॉक बंद केला. तो विसरला की संडास दुरुस्त होतो आणि बोट बुडते. मग तिने पंप खोलला. संडासाच्या बाजूला हा हातपंप असतो. दांडा वर केला की समुद्राचं पाणी भांड्यात येतं, खाली दाबला की घाण नळीतून पलीकडच्या टाकीत जाते. पंपाचे वायसर चांगले होते. घाण मागे येऊ न देणारा रबरी पडदाही शाबूत होता. म्हणजे दुखणं नळीत.

नळीच्या क्लिपा गंजलेल्या. एक निघाली, दुसरीने बोट कापलं. नळी तोटीवर अशी घट्ट बसली होती की सुनेने तिच्यावर किटलीभर कढत पाणी ओतलं, दोन्ही हातांनी पिळली, नळीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठे ती सुटली. वास आला तो विचारू नका. बाहेर धक्क्यावर नवरा आणखी चार पावलं मागे सरकला.

तिने टॉर्च मारून आत बघितलं. दोन बोटं सहज जातील अशी नळी, आणि आत करंगळी शिरेना. चारी बाजूंनी पांढरट, दगडासारखा थर.

"कीटण," ती स्वतःशीच म्हणाली. हुबेहूब दातांवर चढतं तसं.

खारं पाणी आणि लघवी नळीत साचून राहिली की त्याचा दगड होतो. म्हणून काम झाल्यावर भरपूर हापसायचं, सगळं टाकीपर्यंत पोचवायचं. पंपाच्या वर कप्तानांच्या सुवाच्य अक्षरात तशी पाटीच होती : 'प्रत्येकाने वीस वेळा हापसावे. मोजून.'

आता दाताच्या डॉक्टरला एक खोड असते. समोरचा माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, रोज दोनदा घासतो, आणि ती मान डोलावते, पण वाचते दात. सून नळी वाचायला लागली. जुनी नळी अकरा वर्षं चालली होती. ही अडीच वर्षांपूर्वीच तिने आणि कप्तानांनी मिळून बसवली होती. एवढ्यात एवढा दगड? कोणीतरी हापसण्यात चोरी करत होतं. ती स्वतः वीस मारायची. तिची लेक पाढे म्हटल्यासारखी ओरडून वीस मोजायची. नवरा भित्रा, तो बावीस मारायचा. मग उरलं कोण?

पहिल्यांदा तिला रागच आला. पाटी लावणारे तुम्ही आणि चोर पण तुम्हीच! आणि मग तिचा हात थांबला.

दोन वर्षांपूर्वी कप्तानांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून घरी ते दर अर्ध्या तासाला उठतात, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. पण बोटीवर? पंपाचा खर्रक-खच्च आवाज, दार पातळ फळीचं, आणि तीन हातांवर सगळं कुटुंब बसलेलं. दर अर्ध्या तासाला वीस वेळा खर्रक-खच्च. त्यापेक्षा चारदा हळूच हापसायचं आणि गुमान वर यायचं. पुढे नळी भरत गेली, दांडा जड झाला, तेव्हा त्यांनी दुसरा उपाय काढला असणार. तिला आठवलं, गेल्या उन्हाळ्यात तिने पुढे केलेला पाण्याचा प्रत्येक पेला परत आला होता. "नको गं, आत्ताच प्यालो."

चक्कर उन्हाने आली नव्हती आणि वयानेही नाही. दिवसभर घोटभर पाणी न पिता हा माणूस शीड सांभाळत बसला होता.

"आणि मी म्हणे डॉक्टर," ती म्हणाली, आणि तिथेच त्या घाणीत बसून तिला रडू आलं.

मग ती नळी घेऊन बाहेर आली आणि धक्क्याच्या दगडावर धोपटायला लागली. धुणं आपटतात तशी. नळीतून पांढऱ्या कपच्या उडत होत्या.

"अगं, नळी फुटेल," मागून आवाज आला. कप्तान आले होते. गिऱ्हाइकाच्या आधी एकदा बघून जावं म्हणून आले असतील. त्यांनी कपच्यांचा ढीग पाहिला आणि चष्मा पुसायला काढला.

"बाबा, वीसदा कोण हापसत नव्हतं?"

"तुझा नवरा," कप्तान पटकन म्हणाले.

"तो बावीस मारतो."

कप्तानांनी लांब उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. हा आरोप त्याला चिकटणार नाही हे त्यांनाही पटलं असावं. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आवाज फार होतो गं त्याचा," शेवटी ते म्हणाले.

"मग होऊ दे ना, बाबा."

"तुला काय जातंय म्हणायला. तुम्ही सगळे वर बसलेले असता. एकदम गप्प होता. मी वर आलो की पुन्हा बोलायला लागता."

हे खरं होतं. आपण सभ्यपणा म्हणून गप्प बसायचो, आणि बोटीवरच्या प्रत्येक फेरीत तो गप्पपणा त्यांनी ऐकला होता.  सुनेने हातमोजे काढले.

"चुकलंच आमचं," ती म्हणाली. "पण पाणी पीत नव्हता ते मला सांगायचंत. तुम्हाला काही झालं असतं तर? मला तुम्ही हवे आहात, बाबा. बोट गेली तरी चालेल, पण तुम्ही त्या खुर्चीत बसून राहिलेले मला बघवणार नाही."

"मी त्या माणसाला शब्द दिलाय," कप्तान म्हणाले. पण निघून गेले नाहीत. आत येऊन त्यांनी टॉर्च धरला, आणि सुनेने नळी बसवली, क्लिपा आवळल्या, कॉक उघडला. कुठे थेंब गळत नव्हता.

बरोबर चार वाजता गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा, अबोल, चांगल्या बुटांतला माणूस. त्याने शिडं पाहिली, दोर ओढून पाहिले, खाली वाकून तळ पाहिला. मग विचारलं, "संडास चालतो ना नीट?"

सुनेने तोंड उघडलं, पण कप्तान आधी बोलले. वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जावं अशा आवाजात.

"उत्तम चालतो. आणि मला तो फार लागतो. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय, दर अर्ध्या तासाला जावं लागतं. लाज वाटायची म्हणून बोट विकायला काढली होती. ती आता विकायची नाही. तुम्हाला उगाच फेरी पडली, मला माफ करा."

शेजारच्या बोटीवर रंग देणारा माणूस ब्रश हातात धरून थांबला. नवऱ्याच्या हातातला रुमाल खाली आला. "बाबा," तो म्हणाला. सुनेला एकदम हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले.

गिऱ्हाईक मात्र रागावलं नाही. तो माणूस आपल्या चांगल्या बुटांकडे बघत उभा राहिला.

"माझ्या वडिलांचंही हेच झालंय," तो हळूच म्हणाला. "पण ते बोलत नाहीत. दीड वर्ष झालं, घराबाहेर पडलेले नाहीत. त्यांच्यासाठीच बघत होतो बोट. म्हटलं, बघून तरी बाहेर येतील."

कप्तानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रविवारी घेऊन या त्यांना," ते म्हणाले. "म्हणावं, सोय आहे."