तिला आठवेल ते

लोक समजतात, माझी गाणी मी लिहिली. खरं तर मी नुसतं पाल्हाळ लावायचो, त्यातून गाणं काढायची ती माझी बायको. संध्याकाळी ती भाजी चिरत असताना नवा अंतरा तिला एकदाच म्हणून दाखवायचा. सकाळी विचारायचं, काय आठवतंय? आठवेल ते ठेवायचं, विसरली ते उडवायचं. कधी ती शब्दच बदलून म्हणायची आणि तोच बरा असायचा. "तुमचा जड होता, वाटेत टाकला," म्हणायची. यालाच पुढे माझी साधी सोपी शैली म्हणू लागले. ते ऐकून ती पदर तोंडाला लावून हसायची.

गेल्या महिन्यात ती गेली. मला फारसं काही वाटलं नाही, हे सांगून टाकतो. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तसं. भेटायला आलेले डोळे पुसत होते आणि मी त्यांना पाणी देत होतो.

मग संगीतकाराचा फोन आला. चाल तयार, विरहगीत, दोन दिवसांत रेकॉर्डिंग. "आता तुमच्याइतकं कोण लिहिणार?" म्हणाला. माणूस वाईट नाही, जिभेला हाड नाही इतकंच.

बसलो तर चार अंतरे झाले. सगळे बरे, म्हणजे एकही चांगला नाही. कुठला ठेवावा कळेना. हे जमलं नाही तर यापुढचंही जमणार नाही, एवढं मात्र कळत होतं.

मुलगी सोबतीला येऊन राहिली होती. संध्याकाळी ती भाजी चिरायला बसली, तेव्हा ओट्याशी उभा राहून चारही अंतरे तिला म्हणून दाखवले. तिने सुरी खाली ठेवून ऐकले. तिची आई कधी हात थांबवायची नाही.

सकाळी विचारलं, "काय आठवतंय?"

तिने चारही घडाघडा म्हटले. एक अक्षर गळलं नाही.

"थोडं तरी विसरायचं ना गं."

"प्रयत्न केला, बाबा." तिचे डोळे सुजले होते. "दवाखान्यातला तो आठवडाही विसरून बघतेय. काहीच विसरता येत नाहीये मला."

तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी चहा ओतला.

दुपारी चारही अंतरे तसेच संगीतकाराला वाचून दाखवले.

"वा," तो खूश होऊन म्हणाला, "यातला एकही शब्द बदलायचा नाही."

ती गेली, हे मला तेव्हा कळलं.