तक्रार नसलेली वही

बाईंनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं, चष्मा पदराला पुसून नाकावर ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. शनिवारी तो निळा होता. आज सोमवारी हिरवा झाला होता. त्यांनी लहान मुलाच्या टोपीच्या विणीचा तक्ता उघडला. तक्ता उघडला, पण सुलट-उलट टाक्यांच्या खुणा गायब होत्या. त्यांच्या जागी नुसते रिकामे चौकोन होते, ओळीनं, शाळेतल्या गणिताच्या वहीसारखे.

“अहो!”

आत कपबश्या विसळण्याचा आवाज थांबला.

“अहो, माझे टाके कुठे गेले?”

मिस्त्री हात पुसत दारात आले. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस, पण इमारतीत त्यांना अजून मिस्त्रीच म्हणायचे. आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांना विणकाम शिकवल्यामुळे त्यांच्या बायकोला सगळेच बाई म्हणायचे.

“कुठे जाणार? आहेत तिथंच आहेत. फक्त त्या खुणांचा फॉन्ट टाकायचा राहिलाय.”

“मागच्या सोमवारीही राहिला होता.”

“मागच्या सोमवारचं वेगळं होतं गं. हे बघ तरी, किती हलकं आहे! बटण दाबल्यापासून अठरा सेकंदांत...”

“अठरा सेकंदांत रिकामे डबे बघून मी काय करू? दोन मिनिटं लागू देत, पण टाके दिसू देत.”

हा जुना कॉम्प्युटर लेकीनं दिला होता. आला तेव्हा इतका मंद होता, की बटण दाबून चहा ठेवला तर चहा आधी व्हायचा. तेव्हा कुणीतरी मिस्त्रींना सांगितलं, यावर लिनक्स नावाची प्रणाली घाला, फुकट मिळतं आणि जुनं यंत्रही पळायला लागतं. त्यांनी घातलं, आणि यंत्र खरंच पळायला लागलं. एखाद्या शहाण्या माणसानं तिथं हात जोडून उठायला हवं होतं. पण या लिनक्सची गंमत अशी, की त्याची आतली सगळी रचना उघडी. कुणीही घ्यावी, आपल्या मनासारखी जुळवावी, नवं नाव द्यावं आणि पुन्हा जगाला वाटून टाकावी. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आर्च, करता करता शेकडो प्रकार झालेले. मिस्त्रींना हे कळलं आणि त्यांचे रविवार संपले. दर रविवारी जुनं पुसायचं, नवं चढवायचं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आठ पेनड्राइव्ह जमले होते, प्रत्येकावर बॉलपेननं नाव लिहिलेली पट्टी.

पहिल्यांदा हे सगळं समजावून सांगताना त्यांच्या घशाला कोरड पडली होती. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

“म्हणजे लोकर एकच, वीण वेगळी. एवढं सांगायला तासभर?”

“अगदी बरोबर!” मिस्त्री खूश झाले होते.

“मग चांगला बसणारा स्वेटर दर रविवारी उसवता कशाला?”

याला मिस्त्रींकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. लिफ्ट मजल्याला बरोबर लागली पाहिजे, अर्धा इंच वर नाही की अर्धा इंच खाली नाही, हे त्यांच्या हाडात बसलेलं. आणि प्रत्येक लिनक्स त्यांना कुठेतरी अर्धा इंच चुकल्यासारखं वाटायचं. एकात अक्षरं बारीक, एकात घड्याळ भलत्या कोपऱ्यात, एकात प्रिंटर मनात येईल तेव्हा बोलणार. पुढचं तरी बरोबर लागेल, अशी त्यांना दर शनिवारी खात्री असायची.

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” बाई लेकीला फोनवर सांगायच्या. लेक तिकडे हसायची. तिला हसायला काय जातंय!

पण या सोमवारी बाईंनी सुया घेतल्या, खुर्चीत बसल्या आणि दोन ओळी विणल्या. बाई ओरडल्या की मिस्त्री निवांत असायचे. गप्प बसल्या, की त्यांचा पाय दारातून हलायचा नाही.

“माझ्या पुस्तकाचं आठवतंय ना?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“आठवतंय तर.”

“चोवीस तक्ते, तीस तारखेला. प्रकाशकबाईंनी दोनदा फोन केला. अठरा झालेत. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांसाठी विणलं, पण कुठे माझं नाव लागलं नाही. आता लागणार आहे. आणि या वयात दुसरं पुस्तक होईल असं धरून मी चालत नाही.” त्यांनी लोकर बोटाभोवती नीट घेतली. “तुम्हाला हवं ते ठेवा. पण एक काय ते ठरवा आणि मग त्याला हात लावू नका.”

मिस्त्रींनी कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाले, “बुधवारपर्यंत वेळ दे.”

त्यांनी ते दोन दिवस परीक्षेला बसल्यासारखे काढले. लिफ्ट ताब्यात देण्याआधी मिस्त्री तिच्यात बसून अकरा फेऱ्या मारायचे. दहाच का नाहीत, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, दहा सगळेच मारतात. तसं त्यांनी प्रत्येक लिनक्सवर बाईंचा टोपीचा तक्ता अकरा वेळा उघडला, अकरा वेळा छापला आणि अकरा वेळा बंद केला. घरभर टोप्यांचे कागद झाले. आठांतून तीन उरली. एक दिसायला देखणं, एक अगदी नवंकोरं, रोज काही ना काही बदलणारं, ज्याचा एकेक भाग आपणच निवडून जोडायचा. त्याच्यावर मिस्त्रींचा जीव होता. आणि तिसरं जुन्या वळणाचं, रंग ना रूप, दोन-दोन वर्षं जागचं न हलणारं.

बुधवारी त्यांनी बाईंना खुर्ची ओढून दिली.

“तूच चालव. लिफ्ट मिस्त्रीसाठी नसते, माणसांसाठी असते.”

बाईंनी तिन्हींवर एकेक तक्ता करायला घेतला. देखण्याकडे बघून “छान आहे” म्हणाल्या, जसं पाहुण्यांच्या पडद्यांना म्हणतात. नव्याकोऱ्यावर मिस्त्री पाठीमागून श्वास रोखून उभे होते. तिथं बाईंचा अर्धा तक्ता झाला आणि कोपऱ्यात सूचना आली, एकशे चौदा नव्या गोष्टी आल्या आहेत, आत्ता घेऊ का? बाईंनी खुर्ची मागे सरकवली. तिसऱ्यावर त्या बसल्या त्या बसल्याच. तक्ता संपला, छापून आला, टाके सगळे जागच्या जागी.

“हे.”

“हे?” मिस्त्रींचा चेहरा पडला. “अगं, यात तर काहीच होत नाही.”

“तेच हवंय मला.”

मिस्त्री तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, पण शब्दाला पक्के. त्यांनी सगळं पुसून तेच चढवलं, फॉन्ट आधी टाकला, प्रिंटर जोडला, पुन्हा अकरा फेऱ्या मारल्या. मग कपाटातून एक पातळ वही काढली, तिला भोक पाडून दोरा ओवला आणि टेबलाच्या खिळ्याला टांगली.

“आता हे काय?”

“तक्रारवही. प्रत्येक लिफ्टपाशी असते. वहीत तक्रार लिहिलेली नसेल तर मिस्त्रीनं हात लावायचा नाही. हा नियम आहे.” ते खुर्चीच्या पाठीला रेलून उभे राहिले. “मी एकदाच मोडला. तरुण होतो. चांगली चालणारी लिफ्ट, म्हटलं दार आणखी मऊ सरकवू या. तर एक गृहस्थ दोन मजल्यांच्या मधे तीन तास अडकले. ते निघाले वकील!”

बाई इतक्या हसल्या, की एक टाका निसटला.

पुढचे तीन आठवडे बाईंचे फार सुखात गेले. रोज सकाळी बटण दाबलं की कालचाच पडदा, कालच्याच जागी कालचेच तक्ते. विसावा झाला, एकविसावा झाला. तेविसाव्यात जाळीच्या शालीची किनार होती, सगळ्यांत अवघड. तीही दोन दिवसांत उतरली. बाईंचं सगळं काम एका पेनड्राइव्हवरही जायचं. मिस्त्रींच्या आठांत मिसळू नये म्हणून त्याला त्यांनी लाल लोकरीचा गोफ बांधला होता. अठ्ठावीस तारखेला चोवीसच्या चोवीस तक्ते प्रकाशकबाईंकडे गेले. मिळाले, उत्तम आहेत, छपाईला घेते, असं उत्तर आलं. बाईंनी ते तीनदा वाचलं आणि मग उगाचच उठून खिडकी उघडली.

मिस्त्रींनी शब्द पाळला. फक्त दर रविवारी सकाळी ते चष्मा लावून टेबलापाशी जायचे, वही उघडायचे, कोरं पान बघायचे आणि वही परत सोडून द्यायचे. दोऱ्यावर ती थोडा वेळ हलत राहायची.

मग ते स्वयंपाकघरात शिरायचे. पहिल्या रविवारी त्यांनी डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या रविवारी वापराप्रमाणे. तिसऱ्या रविवारी साखर सापडेना, कारण ती “हाताशी” ठेवली होती, आणि हाताशी म्हणजे मिस्त्रींच्या हाताशी, सर्वांत वरच्या फळीवर.

“बाबा काय करतात गं?” लेकीनं फोनवर विचारलं.

“रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतोय. आज माझ्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्यात.”

“मग बरं झालं की, कॉम्प्युटर तरी सुटला.”

“हो,” बाई म्हणाल्या. “कॉम्प्युटर सुटला.”

फोन ठेवून त्या बाहेरच्या खोलीकडे वळल्या आणि दारातच थांबल्या. मिस्त्री खिडकीपाशी बसले होते. मांडीवर बिस्किटांचा डबा. त्यातला एकेक पेनड्राइव्ह ते काढत होते, रुमालानं पुसत होते, पट्टीवरचं नाव वाचत होते आणि परत ठेवत होते. आठही पुसून झाले. त्यांनी झाकण लावलं आणि डबा मांडीवरच ठेवून रस्त्याकडे बघत बसले. तोंडावर तक्रार नव्हती. बाईंना वाईट वाटलं ते त्याचंच. निवृत्तीच्या दिवशी कंपनीच्या दारातून बाहेर येताना हा माणूस असाच दिसला होता, हातात हार आणि पुढे काय ते ठाऊक नाही.

“जित्याची खोड,” त्या मनाशी म्हणाल्या, पण रागानं नाही.

पुढच्या रविवारी बाई लवकर उठल्या. मिस्त्री अंघोळीला गेले तेव्हा त्या टेबलाशी होत्या. ते टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले तोवर बाई आपल्या खुर्चीत बसून विणत होत्या. मिस्त्रींनी कपडे केले, चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणे वही उघडली. आणि उघडीच धरून ठेवली.

पानावर बाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : चालताना हलकासा आवाज येतो. तपासावे.

“केव्हापासून?” मिस्त्रींचा आवाज एकदम कामावरचा झाला.

“झाले दोन-तीन दिवस.”

“आणि आज सांगतेस?”

“लिहिल्याशिवाय हात लावायचा नाही ना? लिहिलं आज.”

मिस्त्री खाली बसले. बटण दाबलं. यंत्राला कान लावला, डोळे मिटले. बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा कान लावला. लिफ्टच्या खोलीत उभं राहून, सात मजले खाली कुठलं चाक कुरकुरतंय ते सांगणारे कान होते ते. बाई टाके मोजत होत्या. अकराव्या वेळेला मिस्त्रींनी यंत्र बंद केलं आणि सावकाश सरळ झाले.

खोलीत सुयांखेरीज कशाचाही आवाज नव्हता.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंची मान खाली होती. गळ्यात लाल लोकरीचा गोफ होता आणि त्याच्या टोकाला तो पेनड्राइव्ह. चोवीसच्या चोवीस तक्ते, टाक्यांच्या फॉन्टसकट, सकाळीच उतरवून घेतलेले.

मिस्त्रींनी तो गोफ पाहिला. मग खिशातून बॉलपेन काढलं, बाईंच्या ओळीखाली तारीख घातली आणि लिहिलं : तपासले. आवाज आहे. काम मोठे आहे, वेळ लागेल. खाली सही केली, कंपनीत करायचे तशी, शेवटी दोन टिंबं देऊन.

“सगळंच उघडावं लागेल असं दिसतंय,” ते गंभीरपणे म्हणाले.

“लागेल तर लागेल.” बाईंनी सुई बदलली. “माझी साखर तेवढी खाली आणून ठेवा आधी.”

मिस्त्री उठले. साखर खाली आली. मग बिस्किटांचा डबा टेबलावर आला, झाकण निघालं आणि ते पट्ट्यांवरची नावं वाचू लागले.

“किती दिवस लागतील म्हणता?” बाईंनी विचारलं.

“रविवारपर्यंत होईल.”

कुठल्या रविवारपर्यंत ते त्यांनी सांगितलं नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.