धनुकलीची सवत

मी धनुकली बोलतेय. पण आधी माणसांचं सांगते, माझं मागून.

धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर लागतं. त्या देवपुरात एक पिंजारी राहतो, नाव कय्युम. त्याची बायको खातून, मुलगा अतिक, सून सदफ, आणि सहा वर्षांची नात तहरीम. पुढच्या खोलीत गाद्यांचा कारखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली मी. इकडचंही दिसतं, तिकडचंही दिसतं. माझ्यासारख्या जळकुकडीला याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

धनुकली म्हणजे पिंजाऱ्याचं धनुष्य. सागाचा लांब दांडा आणि त्यावर ताणून बांधलेली आतड्याची तात. तातेवर लाकडी ठोकळा मारला की ती थरथरत कापसात शिरते आणि दडपून बसलेला कापूस फुलून वर येतो. धूळ खाली पडते. एवढंच माझं काम.

कय्युम सतरा वर्षांचा होता तेव्हा सुताराकडं आला. भिंतीला सात दांडे टेकवलेले होते. त्यानं एकेक उचलला, बोटाच्या पेरानं ठोकला, कानाला लावला. सहा परत ठेवले. सातवी मी. "ही बोलते," म्हणाला.

सुतार हसला. "लाकूड घेतोयस का नवरी पसंत करतोयस रे?"

त्या दिवसापासून मी त्याच्या खांद्यावर. लगीनसराईत साक्री, शिरपूर, अमळनेर, कुठं कुठं म्हणून फिरलो नाही आम्ही! गल्लीत शिरलो की तो नुसता तातेला बोट लावायचा. टंग... टंग... की बाया दारात. "ओ पिंजारीभाऊ, इकडं या!" हाक कय्युमला असायची, पण ओळखायच्या मला. त्याच्या तोंडाआधी माझा आवाज पोचायचा. तेव्हा मला कुणाचा हेवा करायची गरजच पडली नाही.

बारा वर्षांपूर्वी अतिकनं विजेवरची पिंजायची मशीन आणली आणि मी खिळ्याला लागले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मनाची समजूत घातली. त्या मशीनला कय्युमनं निवडलं नव्हतं. ट्रकमधून उतरली, कोपऱ्यात बसली, घरघर करायला लागली. तिला त्यानं कधी कानाला लावलं नाही.

त्या मशीनबरोबर तूस आली, कापसाची बारीक उडती लव. दिवसाला चाळीस-पन्नास किलो कापूस पिंजला की तूस उडणारच. पातेल्याच्या झाकणावर तूस, देवळीत तूस, खातूनच्या भुवयांवर तूस. सदफ दिवसातून चारदा झाडू मारायची. मारला की सगळी तूस वर उठायची, आणि पुन्हा जिथं होती तिथं येऊन बसायची.

मागच्या दिवाळीनंतर तहरीमला खोकला लागला. तो खोकला साधा नव्हता. खोकता खोकता पोर निळी पडायची, तिच्या बरगड्या मोजता यायच्या. डॉक्टरांनी छाती तपासली, श्वासाचा पंप लिहून दिला आणि अतिकला सांगितलं, "हिला कापसाची धूळ चालत नाही. घरात झाडू बंद करा. धूळ ओढून घेणारी मशीन आणा. दोन महिने बघू. फरक पडला नाही, तर पोरीला या घरात ठेवू नका."

सदफचं माहेर भुसावळला. तिनं घरी आल्या आल्या सांगून टाकलं, "अब्बा, दोन महिने. नंतर मी तिला घेऊन अम्मीकडं जाते. तिथल्याच शाळेत नाव घालीन."

 तहरीम सकाळी उठली की पहिली त्याच्या मांडीवर येऊन बसते. ती गेली तर हा माणूस काय करील, ते मला खिळ्यावरून दिसत होतं.

चौथ्या दिवशी इलेक्ट्रिकच्या दुकानातला हितेंद्र दोन मशिनी घेऊन घरी दाखवायला आला. दोन्ही उभ्या, दांडा धरून चालता चालता ढकलायच्या. पहिली चकचकीत, हलकी, नाकावर निळा दिवा.

"कय्युमचाचा, हिला वायरच नाही. चार्जिंगवर चालते. फुलासारखी हलकी."

खातून माहेरची शिरपूरकडची, तिकडची बोली अजून अधूनमधून तिच्या तोंडात येते. ती म्हणाली, "दिवा कशाले? घरमा लाईट नही का आमना?"

कय्युमनं कारखान्यातून पसाभर तूस आणली आणि फरशीवर टाकली. निळ्या दिव्याच्या बाईनं दोन घास घेतले आणि तिसऱ्या घासाला तिचा गळा दाटला. घूं घूं करून बंद.

हितेंद्र ओशाळला. "चाचा, एवढा कापूस कुणाच्या घरात असतो का?"

"माझ्या," कय्युम म्हणाला. "दुसरी दाखव."

दुसरी काळी, जड, कमरेइतकी उंच. लांबलचक वायर, पाठीला झिपची कापडी पिशवी, पोटाखाली फिरणारा ब्रश. दिसायला अगदीच रांगडी. मी मनात म्हटलं, हिला काही हा घेत नाही.

त्यानं तिला उताणी केली. "ब्रशला धागे गुंडाळले तर?"

"हे दोन स्क्रू काढा, ब्रश हातात येतो. कात्रीनं कापून टाका."

"पट्टा तुटला?"

"दुकानात मिळतो. वहिनीसुद्धा बसवतील."

"मोटर जळाली?"

"इथंच नवी तार भरून देतो. बाहेरगावी पाठवायची भानगड नाही."

कय्युमनं तिच्या नळीत तीन बोटं घालून पाहिली. सहज गेली. पसाभर तूस टाकली, तिनं एका दमात ओढली. आणखी टाकली, तीही गेली. जुन्या गादीतले धागे टाकले, तेही.

"किती वर्षं चालेल?"

"नीट वापरली तर दहा वर्षं कुठं जात नाही."

"दहा वर्षांनी आमची तहरीम सोळाची होईल," कय्युम म्हणाला. "तेवढी चालली पाहिजे."

आणि मग, काय सांगू तुम्हाला, त्यानं त्या काळीचा दांडा उचलला, बोटाच्या पेरानं ठोकला आणि कानाला लावला.

माझी तात इतकी वर्षं ढिली पडली नव्हती, ती त्या क्षणी पडली.

त्या दिवसापासून मला दुसरा धंदा उरला नाही, तिच्याकडं बघायचं आणि जळायचं. सदफ सकाळ-संध्याकाळ तिला फिरवायची. तहरीमनं तिला नाव ठेवलं, काळी खाला, म्हणजे काळी मावशी. मला कधी कुणी नाव ठेवलं नाही. शुक्रवारी कय्युम नमाजहून आला की तिची चाकं पुसायचा, ब्रशातले केस काढायचा, फडक्यानं अंग चोळायचा. मी वर टांगलेली. माझ्या दांड्याला शेवटचं तेल कधी लागलं, ते मलाही आठवावं लागतं.

त्याहून वाईट म्हणजे खोकला कमी झाला. पंधरा दिवसांत तहरीम पंप विसरून खेळायला लागली. सगळे म्हणायचे, काळी खालाची मेहेरबानी. पोर बरी होतेय म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या अंगाला हेवा असा चिकटून यायचा, की दोन्ही वेगळे करायला मला दुसरी धनुकली लागली असती.

आता जे सांगते, ते ऐकून मला नावं ठेवाल. ठेवा.

पिंजाऱ्याच्या घरात मूठभर कापूसही टाकत नाहीत. ती आमची रीतच आहे. पिंजायच्या मशीनमध्ये एका तोंडानं मळका कापूस घालायचा, दुसऱ्या तोंडाशी जो जमतो तो साफ. खातूनचं अर्धं आयुष्य तोच कापूस उचलण्यात गेलं. तिनं एका दुपारी काळीच्या पाठीची पिशवी उघडली आणि आत पाहिलं तर मऊ, पांढुरका, फुगलेला ढीग!

"अगं माय! कितला नामी कापूस शे हाऊ," ती एकटीच बोलली. "मशीनमातून निघेल. अन् सून फेकी देस."

मशीनमधून निघालेला, म्हणजे साफ. तिला तसंच वाटलं. तिनं तो वरवर झटकला, उन्हात घातला आणि तहरीमसाठी उशी भरली. फुलाफुलांचा अभ्रा शिवला. नात दादीच्या गळ्यात पडली.

मी खिळ्यावरून सगळं पाहत होते. त्या ढिगात फरशीची माती होती, चपलांची धूळ होती, सगळ्या घराचं झटकलेलं होतं. मला ते कळत होतं. मला तोंड नाही, हे खरं. पण तोंड असतं तरी मी बोलले नसते. मला वाटलं, आता बघू तुझी मेहेरबानी.

चौथ्या दिवशी खोकला परत आला आणि आधीपेक्षा वाईट आला. आठवड्यात दोनदा दवाखाना झाला. सदफ रडत म्हणाली, "मशीनच धूळ उडवते. नुसता आवाज, बाकी काही नाही." अतिकनं हितेंद्रला फोन लावला, "येऊन घेऊन जा तुझा खटारा." दोन महिने भरायला तीन दिवस उरले होते. सदफनं माळ्यावरची बॅग काढली. शाळेत दाखल्यासाठी अर्ज दिला.

काळी दाराशी उभी केली होती, वायर गुंडाळून. मी भिंतीवर. मला गावंसं वाटत होतं.

पण मग मी कय्युमकडं पाहिलं. तो तहरीमचे छोटे बूट घेऊन बसला होता. पुसलेलेच पुन्हा पुसत होता.

निघायच्या दिवशी सकाळी खातूननं ती उशी त्याच्यासमोर ठेवली. "पोरीची उशी बसून गेली आहे. जराशी पिंजून द्या. तिकडं डोक्याखाली मऊ राहील."

एवढ्याशा कापसाला मोठी मशीन लावून चालत नाही, अर्धा तिच्या दातांतच अडकतो. कय्युमनं वर पाहिलं. उठला. मला खिळ्यावरून काढलं.

बारा वर्षांनी त्याचा हात लागला. त्यानं तात पिळून ताणली, बोट लावलं. टंग! तहरीम आतून आजोबांकडं धावत आली. "दादा, हे बोलतंय!"

"तू लांब बस," सदफ म्हणाली. पोरीला उंबऱ्यापलीकडं धरून उभी राहिली.

कय्युमनं उशी उसवली, कापूस चटईवर ओतला आणि मला त्यात उतरवलं. पहिल्याच ठोक्याला मला कळलं, आता काय होणार. मी नीट वाजले, तर धूळ खाली पडणार. धूळ पडली, तर त्याला दिसणार. दिसली, तर काळी राहणार. माझी तात जुनी होती, वाळलेली होती. तुटली असती तर कुणी मला बोल लावला नसता. मी तुटू शकत होते.

पण उंबऱ्यापलीकडं पोर खोकली. आणि वाजायचं सोडून दुसरं काही मला येतही नाही. मी वाजले. जशी साक्रीच्या नवऱ्या मुलींच्या गाद्यांना वाजत होते, तशी.

कापूस वर आला. आणि खाली? खाली चटईवर बोटभर काळी माती, केस, वाळू. कय्युम शिंकला. त्यानं चिमूट उचलून बोटांत चोळली.

"खातून, हा कापूस कुठला?"

"काळीच्या पिशवीतला. मशीनमधून निघालेला, साफ..."

 चटईकडं बघितलं तिनं, मग नातीकडं. "मीच," ती म्हणाली. "मीच दिली तिच्या नाकाखाली."

 सदफ उंबरा ओलांडून आत आली. मला वाटलं, आता सासूला फाडून खाते. तिनं खातूनचा हात धरला. "अम्मी, तुम्ही कापूस टाकत नाही, हे मला माहीत होतं. पिशवी मी लगेच रिकामी करायला हवी होती."

"आता मी करीन," खातून म्हणाली. आणि त्याच सकाळी खातूनच्या आयुष्यात पहिल्यांदा कापूस घंटागाडीत गेला. तिनं स्वतःच्या हातानं टाकला. टाकताना तोंड मात्र दुसरीकडं केलं होतं.

हितेंद्र मशीन न्यायला आला, चहा पिऊन रिकामा परत गेला. बॅग माळ्यावर गेली. डॉक्टरांनी पोरीच्या डोक्याखाली धुतलेल्या चादरीची घडी द्यायला सांगितली, उशी नको. म्हणजे माझ्या पिंजलेल्या कापसालाही तिच्या डोक्याखाली जागा नाही. असो.

मी आता परत खिळ्याला आहे. कय्युमनं दांड्याला तेल लावलं, खोटं बोलणार नाही. पण काळीच्या चाकांना लावून उरलेलं, हेही मी पाहिलंय. आणि माझ्या अंगावर तूस बसली की सदफ तिचीच नळी माझ्यावरून फिरवते. सवतीच्या हातून अंघोळ. आयाबायांनो, घरात नवी वस्तू आणाल तेव्हा जरूर पारखून आणा. उलटीपालटी करा, ठोकून बघा, दहा प्रश्न विचारा. फक्त जुनीच्या डोळ्यांदेखत नका करू हो.

परवा शाळेत धावण्याची शर्यत होती. तहरीम चौथी आली. चौथीला बक्षीस नसतं. पण कय्युमनं पाच किलो जिलेबी आणली आणि गल्लीभर वाटत सुटला. पलीकडच्या शेवंताबाईंनी जिलेबी हातात घेऊन विचारलं, "कय्युमभाऊ, धावत होत्या तरी किती?"

"पाच," कय्युम म्हणाला. "पण अक्का, मधे कुठंच थांबली नाही."