ऑक्टोपसचं नवं घर

मुन्सिफ सरांचा नियम साधा होता. आपली गोष्ट आपण वाचायची नाही. "आई भरवते तेव्हा कच्चं ऑलिव्हसुद्धा गोड लागतं," ते म्हणायचे. "दुसरीला भरवू द्या, मग कळेल."

आमच्या स्फाक्स बंदरातल्या वाचनालयात ते मुलांसाठी गोष्टी लिहायला शिकवतात. मी दोन वर्षं जातेय. हनिया आली तीन महिन्यांपूर्वी. केरकेना बेटावरच्या कोळ्याची मुलगी, शुद्धलेखनाचा आनंदीआनंद, आणि हसली की भिंतीपलीकडे ऐकू जाणार. त्या गुरुवारी आम्हा दोघींच्या गोष्टी मुलांपुढे ठेवायच्या होत्या. मुलं जी पुन्हा मागतील, ती पुस्तकात छापणार.

माझी हनियाने वाचली. हात धुणारी गुणी मुंगी. तिने जीव ओतला, हे मला सांगायलाच हवं. तरी तिसऱ्या पानावर एक पोरगा चटईवर आडवा झाला आणि दोघांना एकदमच लघवी लागली.

मग तिची गोष्ट माझ्या हातात आली. समुद्राच्या तळाशी ऑक्टोपसला मातीचं मडकं सापडतं. आयतं घर! तो साऱ्या गोताला जेवायला बोलावतो. पाहुणे आठ, पाय चौसष्ट, दार एकच.

माझ्या पोटात काहीतरी जळलं. सोमवार-गुरुवार माझा रोजा असतो, पण ती भूक नव्हती. मला हे का सुचलं नाही? ऑक्टोपस धरायला कोळी दोरीला बांधून समुद्रात सोडतात ती मडकी तर मीही जन्मभर बघतेय. मी ठरवून आवाज पाडला. आधीच माझा आवाज बारीक, त्यात मी यादी वाचावी तशी सपाट वाचत गेले.

मुलं सरकत सरकत पुढे आली. एका मुलीचा गुडघा माझ्या झग्यावर आला. आडवा झालेला उठून बसला.

"'आणि घर हळूच वर निघालं,'" मी वाचलं.

"दोरी! दोरी ओढतायत!" तो किंचाळला. "मग, मावशी?"

संपली तेव्हा सगळ्यांना ती पुन्हा हवी होती. गुडघेवालीने माझी बाही ओढली. "ही तुम्ही लिहिलीत ना?"

हनिया मागे भिंतीशी बसली होती, खाली मान घालून नखं कुरतडत. कागदावर नाव नव्हतं. "हो" एवढंच तोंडाशी आलं होतं. पण रोजा नुसत्या पोटाचा नसतो, जिभेचाही असतो.

"नाही गं," मी म्हणाले. "ती बघ, तिची आहे."

पोरं तिच्याकडे धावली. मी कागद नीट जुळवून ठेवले.

निघताना हनियाने मला दारात गाठलं. डोळे ओले. "शादलियाताई, काय वाचलंत हो! इतक्या हळू! माझ्याच अंगावर काटा आला. मी वाचली असती तर नुसता गोंगाट झाला असता. आता माझी प्रत्येक गोष्ट तुम्हीच वाचायची."

"वाचेन. पण सोमवारी-गुरुवारी नको."

"का? रोज्यात घसा सुकतो?"

"हो, घसाच," मी म्हणाले, आणि दिवसभर खोट्यापासून सांभाळलेली जीभ तिथे घसरली.