धूर थांबल्यावर

हात शेकायला आलात ना, मित्रांनो? या, बसा. पण दार लोटून घेऊ नका, उघडंच राहू द्या. मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. माझा एक कान तुटलाय, जाळी दोनदा बदललीय आणि स्वभाव तिखट आहे म्हणतात. म्हणू देत. मी पाहिलं ते तुम्ही पाहिलं असतं, तर तुमचाही स्वभाव गोड राहिला नसता.

माझा जन्म शहरातल्या जुन्या बाजारात, हैदरचाचांच्या दुकानात झाला. तेलाचं रिकामं पिंप कापून त्यांनी मला घडवलं. ठोकून ठोकून पोट गोल केलं, आतून मातीचा लेप दिला, खाली राख पडायला तोंड ठेवलं. अजिंठ्याकडच्या एका खेड्यातून आलेल्या चतुराबाईंनी मला उचललं, नखानं वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज खणखणीत हाय." मी लगेच फुगले. नवी होते ना!

चतुराबाईंच्या घरात माझा भारी मान. तिकडे बाळंतिणीला न्हाऊ घातलं की बाजेवर निजवतात आणि बाजेखाली शेगडी सरकवतात. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकतात. त्याला शेक म्हणतात. चतुराबाईंची दोन्ही बाळंतपणं माझ्याच शेकावर झाली, आधी सत्यम आणि मग राजनंदिनी. "माझ्या लेकरांची हाडं हिनंच घट्ट केली," असं त्या येईल-जाईल त्याला सांगत. घर मातीचं होतं. छताला धूर जायला भोक होतं, दाराखाली चार बोटांची फट होती. थंडी आत यायची तशी निघूनही जायची. तिच्याबरोबर आणखी एक जण निघून जायचा. आज त्याच्याविषयीच सांगायचं आहे.

तो माझ्या पोटातून येतो. त्याला रंग नाही, आवाज नाही. मी त्याला बिनवासाचा म्हणते. कोळसा धुमसत असतो तेव्हा धूर होतो, डोळे झोंबतात, माणसं सावध असतात. मग धूर थांबतो. कोळसे लालभडक होतात. सगळे म्हणतात, आता छान पेटली! तेव्हाही तो असतोच, फक्त आता कुणाला त्याची चाहूल लागत नाही. वाट मिळाली तर तो जातो. नाही मिळाली तर खोलीतच बसतो, माणसांच्या उशाशी.

पुढे गॅस आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. एवढी हाडं घट्ट केली, पण कुणी ढुंकून बघेल तर शपथ! माझ्या पोटात कांद्याची टरफलं साचली, पालीनं संसार थाटला. सत्यम वाळूजला कामाला लागला, त्यानं बजाजनगरात गच्चीवरची पत्र्याची खोली घेतली, तेव्हा चतुराबाईही त्याच्याबरोबर निघाल्या आणि त्यांनी मला गोणीत घातलं. "लागंल कवातरी," म्हणाल्या.

मी लागले ती गेल्या हिवाळ्यात. राजनंदिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. थंडी अशी पडली की पत्र्याला हात लावला तर बोटं बधिर व्हावीत. सत्यमचं काम ठेकेदाराकडचं, त्यात महिनाभर कंपनीत निम्मंच काम. विजेचा हीटर परवडणारा नव्हता. घरात कोवळं बाळ आणि ओली बाळंतीण. चतुराबाईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मग मायलेकरांनी खोली थंडीसाठी तयार करायला घेतली. सत्यमनं भंगारवाल्याकडून निवडणुकीतला जुना फ्लेक्स आणला, फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि भिंत नि पत्रा यांमधली फट ठासून बुजवली. चतुराबाईंनी मैद्याची खळ शिजवली आणि खिडकीच्या फुटक्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली, एकावर एक. दाराला जुनी गोधडी टांगली, उंबऱ्याशी लुगड्याचा बोळा ठेवला. सत्यमनं काडी पेटवून भिंतीभोवती फिरवली. ज्योत जरासुद्धा हलली नाही.

"आता मुंगी बी आत यायची नाय," चतुराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"लई ऊब झाली गं आई," राजनंदिनी म्हणाली. मला मात्र ती न हललेली ज्योतच दिसत होती.

त्यांनी हयगय केली नाही हो. चतुराबाई मला इस्त्रीवाल्याकडच्या कोळशानं बाहेर गच्चीवर पेटवायच्या. धूर पार थांबेपर्यंत आत आणायच्या नाहीत. "धूर लेकराला बाधतो," म्हणायच्या. निखारे लाल झाले की मला उचलून बाजेखाली ठेवायच्या, गोधडी सारखी करायच्या आणि गच्चीवर धुण्याला जायच्या. मागे राहायचे आम्ही चौघे. बाजेवर राजनंदिनी, तिच्या कुशीत बाळ, खाली मी. आणि तो.

पहिल्या दुपारी काही घडलं नाही. दुसऱ्या दुपारी राजनंदिनीचं डोकं धरलं. मग तिला मळमळू लागलं. पण बाळ इतकं शांत निजायचं की शेजारच्या शकीलाबी दारातून बघून म्हणाल्या, "कित्ता गुनी बच्ची है! रोतीच नै." चतुराबाईंना कौतुक वाटलं. मला मात्र ते शांतपण ऐकवत नव्हतं. गावाकडं माझ्यावर शेकलेली दोन्ही पोरं टाहो फोडायची. हे बाळ दुपार झाली की गप्प व्हायचं. खोली इतकी शांत असायची की राख जाळीतून खाली पडलेली ऐकू यायची.

"आई, दुपारी इथं कुणीतरी येतंय," एकदा राजनंदिनी म्हणाली. "उशाशी बसतंय. छातीवर हात ठिवतंय. मला उठायचं असतं, पण उठता येत नाय."

चतुराबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बाजेखाली वाकून पाहिलं, दारामागे पाहिलं. नंतर सत्यमला सांगून टीव्हीची वायर येते ते भोकसुद्धा बुजवून घेतलं. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून! मी ओरडत होते, अहो, बाहेरचं नाही, ते आतलंच आहे, त्याला जाऊ द्या! पण शेगडीला तोंड असतं ते राख पडायला.

त्या दिवशी आभाळ आलं होतं, गारठा वाढला होता. सत्यम कंपनीत गेलेला. चतुराबाईंनी कोळसा जरा जास्तच घातला, मला बाजेखाली सरकवलं आणि दार ओढून गेल्या. थोड्याच वेळात राजनंदिनीचा श्वास जड झाला. "आई, आलाय बघ," ती पुटपुटली. मग तिचा हात बाजेवरून खाली लोंबकळला. बांगड्या एकदाच वाजल्या. बोटं माझ्यापासून वीतभर लांब होती आणि हलत नव्हती. त्याच हाताला मी ती बाळ असताना शेकलं होतं. मी जिवाच्या आकांतानं एक निखारा तडकवला. ठिणगी उडाली, फरशीवर पडली, विझली. बाजेवर कुणी हललं नाही.

चतुराबाई परत आल्या. हाका मारल्या. लेक ओ देईना, बाळ डोळे उघडेना. "कुनाची नजर लागली गं माझ्या लेकीला!" म्हणत त्यांनी डब्यातून मीठ-मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या घेतल्या, दोघींवरून उतरवल्या आणि सगळं माझ्यावर टाकलं.

मिरच्या काळ्या पडल्या आणि मी धूर सोडला. मित्रांनो, मी आयुष्यात एवढा धूर कधी सोडला नव्हता! चतुराबाईंना असा ठसका लागला की उभं राहवेना. डोळ्यांना धारा लागल्या. राजनंदिनी खोकली नाही. बाळ खोकलं नाही. चतुराबाईंनी चाचपडत दार सताड उघडलं, गोधडी ओढून काढली आणि हाक मारली, "शकीला! धाव गं!"

"या अल्ला, क्या हुआ मावशी?" शकीलाबी पदर नाकाला लावून आत शिरल्या. दोघींनी बाज धरली आणि फरफटत गच्चीवर नेली. मी आतच होते, मला फक्त ऐकू येत होतं. गच्चीवर वारं सुटलं होतं. कितीतरी वेळ नुसतं वारंच ऐकू आलं.

मग बाळ रडलं. बारीक, चिरकं, रागानं. पाठोपाठ राजनंदिनी खोकली आणि ओकली. त्या आवाजांइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

चतुराबाई मात्र दारात येऊन उभ्या राहिल्या. तुम्हाला ठाऊक असेल, नजर लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. "एवढा ठसका लागला," त्या हळू म्हणाल्या. "म्हंजी नजर नव्हती. मग हितं कोण व्हतं?"

त्यांनी बुजवलेली फट पाहिली. चिकटवलेली खिडकी पाहिली. रिकाम्या खोलीत मधोमध मी होते, मिरच्या जळून गेल्या होत्या, कोळसे लाल, धूर अजिबात नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मागे सरकल्या. सख्ख्या माणसानं आपल्याला असं भिऊन पाहिलं की काय होतं, ते मला विचारा.

दोघींना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. त्या बऱ्या होऊन घरी आल्या. कोंडलेल्या खोलीत निखारे ठेवले होते, एवढं ऐकताच तिथल्या नर्सबाईंनी कपाळाला हात लावला म्हणे. दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी सत्यमनं वरची एक पट्टी उपसली, खिडकीचा एक कागद फाडला. मला फेकून देतील असं वाटलं होतं. पण चतुराबाईंनी मला गच्चीत ठेवलं आणि माझ्यावर विटा तापवल्या. जाड फडक्यात गुंडाळलेल्या त्या गरम विटा बाजेखाली गेल्या. सकाळी कोवळं ऊन, रात्री गोधड्या. तेवढ्यावर हिवाळा निभावला. बाळ दुपारभर टाहो फोडायचं आणि कुणी त्याला गप्प करायची घाई करत नसे.

परवा शकीलाबी आल्या. त्यांची लेक आफरीन बाळंतपणाला आलीय. "मावशी, शेगडी देते का जरा?" चतुराबाईंनी मला उचललं आणि स्वतः त्यांच्या दारापर्यंत आणलं. खिडकी सुंदर चिकटवली होती, उर्दू वर्तमानपत्रानं, एक सुरकुती नाही. आत वाऱ्याचासुद्धा आवाज नव्हता. चतुराबाईंनी मला उंबऱ्याबाहेर ठेवलं, सरळ आत गेल्या आणि अंगठा कागदातून आरपार घातला. मग हातभर कागद टरकावला.

"ओ मावशी! कित्ती मेहनत से लगाए! अब ठंडी आएगी ना!"

"येऊ दे. थंडी आलेली कळती तरी," चतुराबाई म्हणाल्या. "ही भायेरच ऱ्हाईल. तू इटा ने."

म्हणून मित्रांनो, मी इथं शकीलाबींच्या उंबऱ्याबाहेर आहे, तुम्ही दारात बसलात आणि मी तुम्हाला दार लोटू देत नाही. मला घरात घेऊ नका, विटा घ्या. खोल्या थंडीसाठी जरूर तयार करा, पण वाऱ्याला एक वाट ठेवा. तो बिनवासाचा आत्तासुद्धा माझ्यात आहे, तुमच्या माझ्यामध्ये बसलाय, आणि तुम्हाला तो दिसत नाही. कधी बंद खोलीत निखारे लाल झाले, धूर थांबला आणि बाळ फार गुणी होऊन निजलं, तर कौतुक करत बसू नका. आधी दार उघडा, बाळाला उचलून बाहेर आणा आणि ते रडेपर्यंत हाका मारत राहा.